खडे, उपचार आणि पारख : वाचकांचे प्रश्न

आईला शुगर आहे. जुळे सोलापुरातल्या एक बाई तिच्या अंगावर सात रंगांचे खडे ठेवतात आणि रात्रभर मॅलेकाइट हा हिरवा खडा बुडवलेलं पाणी प्यायला देतात. तिला बरं वाटतं, म्हणून तिने गोळ्या निम्म्यावर आणल्यात. काय करू?

पाणी आजच बंद करा. मॅलेकाइटमध्ये तांबं असतं. पाणी जरा आंबट असलं, त्यात लिंबू पिळलं, की ते उतरतं. मग मळमळ, उलट्या, पोटात कळा. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची शुगर तपासून डॉक्टरांना दाखवा. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दुप्पट देऊ नका.

तिला बरं वाटतं हे खोटं नाही. अर्धा तास शांत पडून राहायचं, कुणी मायेनं विचारपूस करायची, यानंही हलकं वाटतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी 80 जणांच्या हाती कुणाला खरे, कुणाला नकली स्फटिक दिले. ऊब, झिणझिण्या दोन्हींकडे सारख्याच. काय जाणवेल हे आधी सांगितलेल्यांना त्या जास्त जाणवल्या.

म्हणून आईशी वाद घालू नका, ती माया घरातून आणि मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, मिळू द्या. बायबलातल्या याकोब 5:14 प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावून प्रार्थना होऊ द्या. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, असं मुळीच नाही. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतोच.

बायबलातल्या महायाजकाच्या ऊरपटावरही (छातीवरच्या पट्टावर) बारा रत्नं होती ना?

होती, तीन-तीनच्या चार ओळी (निर्गम 28). प्रत्येकावर इस्राएलाच्या एकेका वंशाचं नाव कोरलेलं. महायाजक अहरोन ती नावं हृदयावर घेऊन परमेश्वरासमोर जाई. त्या रत्नांनी कुणाचा ताप उतरल्याचं शास्त्रात कुठंही नाही.

गड्ड्याच्या यात्रेत मुलीनं जांभळ्या खड्यांचं ब्रेसलेट घेतलं. टाकून द्यायचं?

दागिना म्हणून घालत असेल तर घालू द्या. दगड देवानेच घडवला. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या कातळातून गारगोट्या निघतातच. ‘परीक्षेत यश देतं’ म्हणून घेतलं असेल, तर मात्र तिच्याशी बसून बोला.

महिला मंडळातल्या एक ताई प्रार्थनेत स्फटिक हातात धरायला सांगतात, मन एकाग्र होतं म्हणे. पारखायचं कसं?

आत्म्यांची परीक्षा करा, असं योहान सांगतो (1 योहान 4:1). पंधरा दिवस स्फटिक कपाटात ठेवून प्रार्थना करा. चुकल्यासारखं वाटलं, भीती वाटली, तर भरवसा कुठं गेलाय ते कळेल. बरं वाटल्यावर आभार कुणाचे मानता? स्फटिक पौर्णिमेच्या चांदण्यात ‘चार्ज’ करायला, एखादा गुप्त मंत्र म्हणायला सांगतात का? तसं असेल तर बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा मंत्रतंत्राला मनाई करणारा 18वा अध्याय वाचा आणि तिथंच थांबा.

मोशेचा पितळेचा साप तर देवाच्या आज्ञेनं केलेला. तरी लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (2 राजे 18:4). ताईंशी आधी एकट्याने बोला. ऐकलं नाही तर एक-दोघींना सोबत न्या, मग पाळकसाहेबांकडे जा. सगळ्यांदेखत त्यांना खाली पाहायला लावू नका.