वाचकांचे प्रश्न : मधपेटीच्या दारातली ओढाताण

मधपेट्यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात घेतली आहेत. चारही पत्रांत विषय एकच निघाला, नर माश्या.

प्रश्न (निफाड) : कांद्याच्या डोंगळ्यांसाठी (बियाण्याच्या फुलांसाठी) मेलिफेराच्या, म्हणजे परदेशी पाळीव मधमाशीच्या, सहा पेट्या ठेवल्या होत्या. डोंगळे उरकले आणि एप्रिल लागला, तसे दोन पेट्यांच्या दारात लहान माश्या जाडजूड माश्यांना ओढून बाहेर काढताना दिसतात. सकाळी खाली वीस-पंचवीस मेलेल्या असतात. शेजारी द्राक्षबाग आहे. फवारणीची बाधा असेल का?

उत्तर : मेलेल्या माश्या तळहातावर घेऊन बघा. डोळे इतके मोठे की डोक्यावर एकमेकांना टेकलेले, पोटाचे टोक बोथट, नांगी नाही, मागच्या पायांवर परागाची टोपली नाही, असे दिसले तर ते नर आहेत. औषधाने मरतात त्या मुख्यतः कामकरी माश्या, कारण बागेत आणि बांधावर त्याच फिरतात. त्यांची जीभ बाहेर आलेली असते, काही दारासमोर थरथरत गोल फिरत असतात आणि एकाच दिवशी ढीग पडतो. रोज थोडे आणि फक्त नर मरत असतील, तर फवारणीला दोष देऊ नका. तुमच्या माश्या पेटीतली खाणारी तोंडे कमी करत आहेत.

नर पराग आणत नाही, मकरंद आणत नाही, पिल्लांना भरवत नाही. त्याचे काम एकच, दुसऱ्या पेटीतल्या नव्या राणीशी हवेत संग करणे, आणि ते करणारा नर तिथेच मरतो. राणी आयुष्याच्या सुरुवातीला काही दिवसांतच दहा-वीस नरांशी संग करते आणि ते बीज पुढे जन्मभर पुरवते. म्हणजे नराची गरज नव्या राण्या निघण्याच्या हंगामापुरती, आणि तो हंगाम फुलोऱ्याचा. थंड देशांत हिवाळ्याच्या तोंडावर नर हाकलतात. आपल्याकडे हिवाळा निभावतो. इथे तारीख ठरते ती फुलोरा तुटण्यावर. एकदा डोंगळे संपल्यावर, दुसऱ्यांदा पावसाच्या झडीत.

हाकलणे एका दिवसात होत नाही. आधी कामकरी माश्या नरांना भरवणे थांबवतात आणि मधाच्या घरांपासून हटवतात. नर कडेच्या फ्रेमवर (पोळ्याच्या चौकटीवर) आणि तळपाटावर गोळा होऊन बसतात. भुकेने अंगातली ताकद गेली की एक-दोन माश्या पंखाच्या मुळाशी किंवा पायाला चावा धरून त्याला दारापर्यंत फरफटत आणतात. नांगी सहसा मारत नाहीत, तिची गरजच पडत नाही. ढकललेला नर संध्याकाळी पुन्हा दाराशी येतो, पुन्हा ढकलला जातो आणि रात्री बाहेर गारठून, उपाशी मरतो. सकाळी स्टँडच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसते ती त्यामुळेच.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. पेटी मागच्या बाजूने दोन बोटे उचलून बघा. हलकी लागली तर त्याच दिवशी पाक द्या. एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात एक किलो साखर विरघळवा, पूर्ण गार करा. बाटलीच्या झाकणाला बारीक भोके पाडून ती फ्रेमवर उलटी ठेवा. मेलिफेराला एका वेळी अर्धा लिटर, सातेरीला, म्हणजे आपल्या देशी मधमाशीला, पाव. रात्रीत संपेल एवढाच. अंधार पडताना आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी द्या. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर दुसऱ्या पेट्यांच्या माश्यांची लूट सुरू होते, आणि मग दारातल्या मारामारीत कामकरी माश्याही पडतात. गूळ घालू नका, माश्यांना हगवण लागते. नरांबरोबर पांढरी, अर्धवट वाढलेली नर-पिल्लेही बाहेर पडू लागली तर साठा तळाला गेला आहे असे समजा. सुपरमध्ये (पेटीच्या वरच्या, मधाच्या खणात) मध दिसला तरी तो आता काढायचा नाही.

प्रश्न (सुरगाणा) : सातेरीच्या फ्रेमवर घरांची काही टोपणे (मेणाची झाकणे) टोकदार आहेत आणि प्रत्येकाच्या मधोमध सुईने टोचल्यासारखे भोक आहे. कीड आहे का?

उत्तर : नाही. सातेरीच्या नर-घराचे टोपण असेच असते. मेलिफेराच्या नर-टोपणाला भोक नसते, ते नुसते फुगीर असते.

प्रश्न (इगतपुरी) : जुलैत चार पेट्यांनी नर हाकलले, पाचवीत मात्र नर वाढतच आहेत. ही पेटी जास्त सशक्त आहे असे मानावे का?

उत्तर : उलट तिचीच काळजी करा. राणी नसलेली किंवा राणी कामातून गेलेली पेटी नर हाकलत नाही. पावसाची उघडीप मिळेल त्या दुपारी मधली फ्रेम काढून उन्हाकडे तिरकी धरा. घराच्या तळाशी मध्यावर एकेकच अंडे, पण कामकरी घरांवर बंदुकीच्या गोळीसारखी फुगीर टोपणे असतील, तर राणीचे बीज संपले आहे. बिनफलित अंड्यातून नरच निघतो. एका घरात दोन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर राणी नाहीच आणि कामकरी माश्या अंडी घालत आहेत.

एरवी आम्ही दुसऱ्या पेटीतली ताज्या अंड्यांची फ्रेम द्या म्हटले असते. जुलैत इगतपुरीला ते जमणार नाही. त्या अंड्यातून राणी निघायला 16 दिवस, पुढे आठवडाभराने ती संगासाठी उडणार, ती कोरड्या, उबदार दुपारी. झडीत ती बाहेर पडू शकत नाही, आणि आसपासच्या पेट्यांनी आपले नर आधीच संपवलेले आहेत. पेटी जोडून टाका. निकामी राणी असेल तर आधी ती काढा. संध्याकाळी सशक्त पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, टाचणीने दहा-बारा भोके पाडा, वर ही पेटी ठेवा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडून एक होतात. कागद न घालता जोडल्या तर रात्रभर कत्तल.

प्रश्न (चांदवड) : नर फुकट खातात तर त्यांची घरे आपणच कापून टाकली तर?

उत्तर : मध वाढावा म्हणून कापत असाल तर नको. माश्या पुन्हा तेवढीच घरे बांधतात आणि त्यात मेण जाते. मेलिफेरात व्हरोआ कोळी (माश्यांवर आणि पिल्लांवर जगणारा बारीक किडा) असेल तर मात्र उपयोग आहे, कारण हा कोळी कामकरी घरांपेक्षा नर-घरे पसंत करतो. मेणपत्रा (पोळ्याच्या पायासाठीचा मेणाचा पातळ पत्रा) न लावलेली एक फ्रेम द्या, तीवर माश्या बहुतेक नर-घरेच बांधतील. टोपणे बसली की फ्रेम काढून पोळे कापा. अंडे घातल्यापासून 24 व्या दिवशी नर बाहेर येतो, तेव्हा फ्रेम दिल्याची तारीख पेटीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवा आणि विसाव्या दिवशी कापाच. राहून गेली तर नराबरोबर कोळ्यांची नवी पिढीही बाहेर पडेल, आणि ती तुम्ही स्वतः पाळलेली असेल.