रात्रीची एक बाटली

"मॅडम, फक्त रात्री एक बाटली पावडरचं दूध दिलं, तर झोपेल का हो ही?"

बाळ तीन महिन्यांचं होत आलं की हा प्रश्न येतोच. स्तनपान समुपदेशनाचं काम मी नाशिकला बरीच वर्षं करते आहे. विचारणारी आई कधी रडवेली असते, कधी चिडलेली, पण डोळ्यांखालची वर्तुळं सगळ्यांची सारखीच. हा प्रश्न जिने विचारला तिची गोष्ट सांगते, कारण तिच्या बाबतीत मी आधी चुकले होते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगी १२ आठवड्यांची. सोबत तिची आई आणि आजी. मोबाइलमध्ये एक ॲप होतं, त्यात रात्रीच्या वेळा ओळीने नोंदवलेल्या: १०.४०, ११.५५, १.१५, २.२०, ३.४५, ५.००. आजी म्हणाल्या, "घड्याळाच्या पोटी जन्माला आलीये कार्टी." आईचं म्हणणं वेगळं. "हिचं दूध पुरत नाही. शेजारणीची नात रात्री नऊला झोपते ती सकाळी सहाला उठते."

मी बाळाला काट्यावर ठेवलं. जन्माचं वजन २.९ किलो, आता ५.१. सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढ झाली तरी आम्ही खूश असतो. हिची वाढ त्यात नीट बसत होती. दिवसाला सात-आठ वेळा शू होत होती, हसरी, तरतरीत. दूध पुरत नाही म्हणायला कुठेच जागा नव्हती. मी तसं सांगितलं, रात्री दिवा मंद ठेवा, गप्पा मारू नका, हूं की चूं केलं की लगेच उचलू नका, असं नेहमीचं सगळं सांगितलं आणि समाधानाने त्यांना निरोप दिला.

आठवड्याने तिचा फोन आला. "मॅडम, काही म्हणजे काही फरक नाही. वर तुमच्यामुळे आईशी भांडण झालं ते वेगळंच."

वीस मिनिटं मी तिला रात्रीबद्दल विचारत बसले होते. दिवसाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

पुढे वडिलांचं स्टेशनरीचं दुकान, मागे दोन खोल्या. साडेदहाला अंघोळ घालणाऱ्या मावशी आल्या. पायांवर घेऊन तेल-मालिश, कढत पाणी, टाळूवर तेल, मग धुरी. (धुरीबद्दल मी त्याच दिवशी बोलले. इवल्या फुप्फुसांना तो धूर नको, मग त्यात ओवा असो की आणखी काही.) साडेअकराला बाळ झोपलं ते थेट तीन वाजता उठलं. साडेतीन तास! "दुपारी अशी राणीसारखी झोपते, आवाजसुद्धा करू देत नाही आम्ही कुणाला," आई कौतुकाने म्हणाल्या. खिडकीला जाड पडदा आणि दुकानातल्या माणसाला दबक्या आवाजात बोलायची ताकीद.

म्हणजे सलग झोप या बाळाला येत होती. ती फक्त दुपारी येत होती.

तीननंतर खरी मौज सुरू झाली. लेकीने बाळाला पदराखाली घेतलं. तीन-चार घोट, तेवढ्यात दुकानाची घंटा, बाळाने मान वळवली. पुन्हा घेतलं, मामा आत आला, बाळ त्याच्याकडे बघून हसलं. तिने पदर सारखा केला. "झालं वाटतं हिचं." अर्ध्या तासाने कुरकुर, पुन्हा तोच प्रकार. संध्याकाळपर्यंत मी सहा वेळा पाजणं मोजलं. गटगट गिळल्याचा आवाज एकदाही चार-पाच मिनिटांच्या वर ऐकू आला नाही.

याला बाळाचा दोष नाही. तिसऱ्या महिन्यात दूरचं नीट दिसायला लागतं, आवाजाची दिशा कळायला लागते. जग एकदम इतकं मजेशीर होतं की जेवायला वेळ कुणाला! आणि पाजण्याच्या सुरुवातीचं दूध पातळ असतं. स्तन रिकामा होत जातो तशी त्यातली स्निग्धता वाढते. दर वेळी चार घोटांवर उठणारं पाहुणं ताक पिऊन जातं, भातापर्यंत पोचतच नाही. रात्री मात्र सगळं सामसूम, दुकान बंद, आई पूर्ण तिची. दूध तयार करायला सांगणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरकही आईच्या रक्तात रात्री जास्त असतं. दिवसाची उधारी बाळ रात्री वसूल करत होतं. भूक खरी होती, म्हणून मी सांगितलेल्या मंद दिव्याने काय होणार?

बाटलीने ती भागली असती का? पोट भरलं असतं. झोप वाढलीच असती याची हमी मी देणार नाही. पण रात्रीचं पाजणं सुटलं की दूध हळूहळू आटायला लागतं, ते मी फार घरांमध्ये पाहिलं आहे. मागणी तसा पुरवठा, एवढं साधं गणित आहे ते.

संध्याकाळी निघताना ओट्याच्या कोपऱ्यात सहाण दिसली. बाजूला हळकुंड, वेखंड, आणि जायफळ. मी आजींकडे पाहिलं. त्या ओशाळल्या नाहीत. "दोन वेढे देते संध्याकाळी. शांत राहते. माझ्या आईने मला दिलं, मी हिच्या आईला दिलं."

अशा वेळी हातातली सहाण काढून घेणं सोपं, पण मग माझी पाठ फिरली की ती परत निघते. मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "आजी, जायफळाने गुंगी येते, झोप नाही. सहाणेवर दोन वेढे म्हणजे नेमकं किती, ते तुम्हालाही सांगता येणार नाही. जास्त गेलं तर छातीत धडधड होते, तोंड कोरडं पडतं, बाळ भुकेला उठतच नाही." सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, डॉक्टरांनी लिहून दिलेले डी जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात, हेही सांगितलं. आजी काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आपलं ऐकलं नाही यांनी.

मग आम्ही दिवस दुरुस्त करायला घेतला. दुपारच्या झोपेत दोन-सव्वादोन तास झाले की पडदा सारायचा, दुपटं सैल करायचं, आणि ती डोळे किलकिले करेल तेव्हा पाजायचं. दिवसाचं पाजणं मागच्या खोलीत, दार लोटून, मामाला प्रवेश बंद. एक बाजू पूर्ण होऊ द्यायची, ढेकर काढायचा, मग दुसरी. साधारण अडीच-तीन तासांनी असं भरपेट, पण आधी भूक लागली तर घड्याळाकडे न बघता. सकाळी उठल्यावर अंगणातला उजेड. संध्याकाळी मावशी येऊ शकत नव्हत्या, त्यांची आणखी चार घरं. म्हणून आजींनी कोमट पाण्याने अंग पुसायचं, पायांना तेलाचा हात लावायचा, अंगाई म्हणायची. ते काम आजींना दिलं ते मुद्दामच. जायफळाच्या जागी त्यांच्या हाताला काहीतरी हवं होतं. आणि साडेदहाला, लेक स्वतः झोपायच्या आधी, पेंगुळलेल्या बाळाला पूर्ण जागं न करता एकदा पाजायचं.

रडवून झोपवणं वगैरे काही नाही. या वयात मी ते सुचवत नाही. फक्त रात्री कण्हण्या-कुंथण्याचा आवाज आला तर मिनिटभर थांबून बघायचं, कारण तान्ही मुलं झोपेतही पुष्कळ हालचाल आणि आवाज करतात. आधी त्या आवाजालाच बाळ उचललं जायचं आणि खरोखर जागं व्हायचं.

पहिले चार दिवस वाईट गेले. दुपारी उठवलं म्हणून बाळ चिडलं आणि आईही. पाचव्या दिवशी बरं वाटलं, तोवर १४ आठवड्यांची लस आली. मांडी सुजली, अंग तापलं, दोन रात्री सगळं मुसळ केरात. मी म्हटलं, या दोन दिवसांत काही नियम नाही, मागेल तेव्हा पाजा. लसीनंतर, सर्दीत, प्रवासात हे असंच विस्कटतं.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला: साडेदहाला पाजलं, उठली थेट तीनला. मग पावणेसहाला. लेकीच्या आवाजात थोडी निराशा होती. "साडेचारच तास, मॅडम." तीन-साडेतीन महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळासाठी साडेचार तास हीच मोठी झोप. शेजारणीच्या नातीची रात्र कशी असते ते शेजारणीलाच ठाऊक. सहा-सात महिन्यांनंतरही रात्री एकदा-दोनदा उठणारी धडधाकट मुलं मी रोज बघते.

हे वाचून कुणी आपल्या बाळाची दुपार लगेच मोडायला घेऊ नये. बाळ दीड महिन्याच्या आतलं असेल, दिवस पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं असेल, वजन रेंगाळलं असेल किंवा चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा शू होत असेल, तर वेळापत्रकाचा विचारच नको, आधी बालरोगतज्ज्ञ. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर वाट न बघता दवाखाना.

त्यानंतर एकदाच फोन आला, पाडव्याच्या सकाळी. आजींचा.

"मॅडम, ते जायफळ होतं ना, ते आज श्रीखंडात घातलं. येऊन जा तीन वाजता. तीनला ती उठते, पाजून होईपर्यंत मात्र बाहेर बसावं लागेल हो, आत कुणाला सोडत नाही आम्ही."