ओ'डॉनेल वाचायला घेताना

हुकूमशाहीतून लोकशाही कशी येते यावर लिहिणारा अर्जेंटिनाचा राज्यशास्त्रज्ञ गिलेर्मो ओ'डॉनेल वाचायला घेतलास, मनापासून आनंद झाला. सिद्धांताआधी अर्जेंटिनाचा थोडा इतिहास वाच. १९७६ चं लष्करी बंड, १९८२ मधला फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटनकडून झालेला पराभव, १९८३ ची निवडणूक. एवढं डोक्यात असलं की बाकीचं उलगडत जातं.

सध्या दोनच गोष्टी धर:

१. मोकळीक देणं वेगळं आणि लोकशाही आणणं वेगळं. कैदी सुटले, वर्तमानपत्रांवरची बंधनं सैल झाली, तरी सत्ता कुणाकडे हे मतपेटी ठरवत नाही तोवर काम अर्धंच. नवखे हमखास इथे घसरतात.

२. राजवटीतली फूट बघ. ओ'डॉनेल आणि फिलिप श्मिटर यांचा १९८६ मधला मुद्दा हाच: कडवे आणि मवाळ यांच्यातल्या भेगेतून बदल सुरू होतो.

दुसरी चूक, निवडणूक झाली म्हणजे संपलं असं समजणं. निवडून आलेला अध्यक्ष कुणालाच जुमानत नाही, अशा लोकशाहीवर ओ'डॉनेलने १९९४ मध्ये लिहिलं. ते कळायला आपल्या गुहागरकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत ऑडिटच्या दिवशी जा. ऑडिटर पाणीपट्टीच्या पावतीपुस्तकावर बोट ठेवतो आणि बहुमताने आलेल्या सरपंचालाही उत्तर द्यावं लागतं. संस्थांनी एकमेकींना जाब विचारणं, ते हेच.

आणीबाणीशी तुलना करायचा मोह होईल. राजापूरने १९७७ मध्ये तुरुंगवास भोगलेल्या मधू दंडवत्यांना निवडून दिलं, हे आपल्याला जवळचं आहेच. पण २१ महिन्यांची आणीबाणी आणि लष्करी राजवट एका मापात बसवू नकोस.

नोकरशाही-हुकूमशाहीवरचं, म्हणजे लष्कर आणि तज्ज्ञ नोकरशहा मिळून चालवतात त्या राजवटीवरचं, त्याचं लेखन पावसाळ्यानंतर बघू.