आकडा उतरला, पण ठरवलं कोणी?

प्रिय पोरी,

प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘शिक्षण वाढलं की मुलं कमी होतात’ हे तुझं पहिलंच वाक्य. खोटं नाही ते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी शाळेत न गेलेल्या बाईमागे सरासरी २.८ मुलं आहेत, बारावी व पुढे शिकलेलीमागे १.८. पण शाळेनं नेमकं काय बदललं? लग्नाचं वय, हातातला पैसा, की दवाखान्यात एकटीनं जायची मोकळीक? ते शोधलं नाहीस तर सगळा दोष न शिकलेल्या बाईच्याच माथी बसेल.

आपल्याच राज्याकडे बघ. त्याच पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, १.७ आहे; पिढीची जागा भरायला लागणाऱ्या २.१च्याही खाली. तरी वीस ते चोवीस वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या सुमारे २२ टक्के! हे दोन्ही एकत्र कसं बसतं? लवकर लग्न, लगोलग दोन बाळंतपणं आणि मग मुलं बंद करायचं ऑपरेशन. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालंय. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. आकडा उतरला म्हणून बाईचा शब्द घरात चालायला लागला, असं लिहू नकोस.

यशोधरानगरात मुलाखतींना जाशील तेव्हा दुपारी जा. सकाळी पाणी, डबे, शाळा यांत कुणाला बोलायला सवड नसते. (उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांध, नागपूरचं ऊन आहे ते.) ‘किती मुलं हवी होती?’ हे सासूसमोर विचारलंस तर सासूचंच उत्तर मिळेल. ओळखीपुरती वस्तीतल्या आशा सेविकेला सोबत घे, पण प्रश्न विचारताना ती नको. ऑपरेशनच्या केसमागे तिला मोबदला मिळतो, हे बायकांना ठाऊक असतं.

मुलांची संख्या लिहून थांबू नकोस. मुलगा कितव्या खेपेला झाला, ऑपरेशन त्याच्या आधी की नंतर, ते विचार. तांबी बसवली होती का, काढली तर कोणाच्या सांगण्यावरून? कामाचंही विचार. कायद्यानं पहिल्या दोन मुलांपर्यंत बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण धुणीभांडी करणारीचा एक खाडाही पगारातून कापला जातो. तिसरं मूल नको म्हणताना ती हाच हिशेब मांडत असेल.

नवऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली कर. ‘तिलाच विचारा’ म्हणून बरेचजण टाळतील. तेही उत्तर म्हणून नोंदव.

तुझी,
मॅडम