वाचकांचे प्रश्न : केळीच्या गावात पाण्याचा धडा

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान आणि भूगोल शिकवते. पर्यावरण दिनाच्या घोषणा, चित्रकला स्पर्धा, वृक्षदिंडी हे सारे आमच्याकडे दरवर्षी होते. भूजलाचा पाठ शिकवताना केळीला पाणी फार लागते असे मी म्हटले, तेव्हा एका मुलाने विचारले, “मग बाई, आमच्या पप्पांनी लावायचं तरी काय?” वर्गातील बहुतेक मुले केळी बागायतदारांची आहेत. त्यांच्या घरावर दोष न ठेवता हा विषय कसा शिकवावा?

उत्तर : मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या वडिलांनी कोणते पीक घ्यावे हे ठरवणे शाळेचे काम नव्हे. पाण्याचा हिशेब मुलाला स्वतः मांडता यावा, एवढे मात्र शाळेचेच काम आहे. म्हणून उपदेश बाजूला ठेवून मोजमापापासून आरंभ करावा.

एखाद्या पालकाच्या परवानगीने बागेत जावे आणि ठिबकच्या एका ड्रिपरखाली मोजपात्र ठेवून तासाभरात किती पाणी पडते ते मुलांकडून नोंदवून घ्यावे. ड्रिपर तासाला ४ लिटरचा, झाडाला असे दोन आणि पाणी दोन तास, असे धरले तर एका झाडाला दिवसाला १६ लिटर पाणी मिळते. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या केळीची हेक्टरी ४,४४४ झाडे होतात, म्हणजे एका हेक्टरला दिवसाला सुमारे ७१ हजार लिटर. आता पावसाकडे वळावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे एकदा मुलांना पटले की वर्षाच्या ७०० मिलिमीटर पावसाने एका हेक्टरवर ७० लाख लिटर पाणी पडते, हे सातवीचा विद्यार्थी स्वतः काढतो. त्या पाण्याचा थेंबही वाहून गेला नाही किंवा वाफ होऊन उडाला नाही असे मानले, तरी अशा पाळीने ते शंभर दिवसही पुरत नाही. उरलेल्या दिवसांचे पाणी कोठून येते, हा प्रश्न मग मुलेच विचारतात आणि तिथून भूजलाचा पाठ आपोआप सुरू होतो.

काढणीनंतर बांधावर टाकलेले खोडही असेच उपयोगी पडते. त्याचा एक किलोचा तुकडा चकत्या करून आपल्याकडच्या उन्हात पूर्ण वाळवावा आणि पुन्हा तोलावा. शंभर ग्रॅमही क्वचितच भरतो, कारण खोडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ती खोडे रस्त्याकडेला फेकण्याऐवजी बागेतच बारीक करून पसरली तर काय होईल, हे तपासायला शाळेच्या आवारातील दोन वाफे पुरेत : एकावर आच्छादन घालावे, दुसरा उघडा ठेवावा आणि माती किती दिवस ओलसर राहते ते पाहावे.

पाणी मुरते कोठे, हे दाखवण्यासाठी आपला तालुका फारच सोयीचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यात डोंगरातून आलेले नाल्यांचे पाणी झपाट्याने मुरते. पावसाळ्यात वाहता असलेला एखादा नाला या पट्ट्यात पुढे जाता जाता कसा आटतो, हे वर्गातील आकृतीपेक्षा तिथे उभे राहून चांगले कळते. गावातील दोन-तीन विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षेपूर्वी मार्चमध्ये मोजावी. दोर मात्र मोठ्यांनीच सोडावा, मुलांनी आकडे लिहावेत. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून चार वेळा घेते आणि हे दोन्ही महिने त्यांत येतात, त्यामुळे तुलना करता येते.

आठवीच्या वर्गाला वाटपाचा प्रश्नही पेलतो. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठची फड पद्धत त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. बंधाऱ्याखालच्या शेतीचे फड म्हणजे मोठे विभाग पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी पाटकऱ्याच्या, म्हणजे पाटाचे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, हाताने द्यायचे, हे नियम शेतकऱ्यांनीच चालवले. वर्गात फड मांडून पाणी निम्मे झाल्यावर वाटप कसे करायचे, यावर मुलांना भांडू द्यावे. सहल काढणे शक्य असेल तर साक्री तालुक्यातील बारीपाडा निवडावे. गावकऱ्यांनी स्वतः नियम करून जंगल राखले, हे तिथे प्रत्यक्ष पाहता येते. स्पर्धा आणि दिंड्या चालू राहिल्या तरी बिघडत नाही. फक्त वर्षाचा सगळा वेळ त्यांतच जाऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलीला ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्पासाठी थर्माकोल, चकचकीत कागद आणि गोंद विकत आणावा लागला. यातून ती काय शिकणार? — एक पालक, धुळे

उत्तर : खरेदी करायला शिकेल, याहून अधिक काही नाही. प्रकल्पासाठी दुकानातून आणलेल्या वस्तूला गुण मिळणार नाहीत, अशी एक ओळ सूचनापत्रात घालण्याची मागणी आपण पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत करावी. शिक्षकांना पर्याय हवा असेल तर घरातील आठवड्याचा कचरा ओला, सुका आणि प्लॅस्टिक असा वेगळा करून तोलणे सुचवावे. त्यासाठी किराणा दुकानातला तराजू पुरतो आणि त्या आकड्यांतून गणिताचा स्तंभालेखही होतो.