नाशिकमध्ये राहून युनिसेफसारख्या संस्थेत बालशिक्षणाचं काम मिळेल का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की एमए झालंय, 2 वर्षं गंगापूर रोडवरच्या एका प्ले-ग्रुपला शिकवलंय आणि आता युनिसेफकडे जायचंय. मिळू शकतं, पण एक गैरसमज आधी काढून टाका. युनिसेफ स्वतः बालवाड्या चालवत नाही. सरकारी यंत्रणेला प्रशिक्षण, अभ्यासक्रम, आकडेवारी यांत मदत करणं हे तिचं काम. त्यामुळे मुलाखतीत ‘मला मुलं आवडतात’ याला फारसं वजन नसतं. अंगणवाडी कशी चालते, पर्यवेक्षिकेकडे किती केंद्रं असतात, पोषण आणि शिक्षण एकाच सेविकेच्या गळ्यात कसं पडतं, हे माहीत असणाऱ्याला वजन.

आणि हे शिकायला नाशिकइतकी सोयीची जागा नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूल अंगणवाडीत प्रमाण मराठी ऐकतं. मातृभाषेतून सुरुवात हा जगभर चर्चेतला विषय, तो तुमच्या एसटीच्या टप्प्यात आहे! वर्षभर एखाद्या स्थानिक संस्थेबरोबर तिथे काम करा, नोंदी ठेवा. पगार बेताचाच असेल.

मग ‘प्रथम’, सेव्ह द चिल्ड्रन (भारतात ‘बाल रक्षा भारत’), आगा खान फाउंडेशन अशा संस्थांच्या जागा बघा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत भारतातल्या भारतातही नेमणुका होतात. इंग्रजीत अहवाल लिहिण्याचा सराव मात्र आजपासूनच. आमच्याकडे बरेच जण तिथेच अडकतात. आणि नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर ती फसवणूक. युनिसेफ भरतीसाठी एक रुपयाही घेत नाही.