कोरा रकाना म्हणजे ‘त्रास नाही’ नव्हे

तुम्ही विचारलंय की, मिरजेत प्रबंधासाठी कॅन्सर ट्रायलमधला (औषधाच्या चाचणीतला) क्यूएलक्यू-सी३०चा, म्हणजे रुग्णाच्या जीवनमानावरच्या ३० प्रश्नांच्या फॉर्मचा, डेटा हाती आहे, शेवटच्या भेटीपर्यंत निम्मे फॉर्म कोरे आहेत, तर ते वगळून प्रत्येक भेटीला दोन गटांत टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी चाचणी) लावली तर चालेल का. नाही चालणार. पण टी-टेस्टच्या आधी कोऱ्या रकान्यांचं बघा, कारण त्यावरून माझा एका वरिष्ठांशी जुना वाद आहे.

त्यांचं म्हणणं, रुग्णाने खूण केली नाही म्हणजे त्याला तो त्रास नाही, १ टाका आणि पुढे चला. एका डेटात त्यांनी तसंच करून घेतलं. उत्तरं १ (‘अजिबात नाही’) ते ४ (‘खूपच’) अशी असतात. थकव्याचे प्रश्न तीन: १०, १२ आणि १८. एका बाईंचं १०ला ३, १२ला २, १८ कोरा. स्केलचे, म्हणजे अशा एका विषयाच्या प्रश्नगटाचे, किमान निम्मे प्रश्न सोडवलेले असतील तर आहेत त्यांचीच सरासरी घ्यायची, असा नियम आहे. सरासरी २.५. त्यातून १ वजा करा, ३ने भागा, १००ने गुणा: ५०. कोऱ्या जागी १ टाकला की ३३.३. एक्सेलमध्ये बेरीज करून सरळ ३ने भागलं, म्हणजे कोऱ्याचा ० धरला, तर २२. बाई तीच, थकवा तोच. ओसोबा यांच्या १९९८च्या अभ्यासात १० ते २० गुणांचा फरक रुग्णांनी ‘मध्यम’ म्हटलाय, आणि इथे नुसत्या डेटा एन्ट्रीने २८ गुण हलले.

बरं, १८ कोरा का राहिला? फॉर्मचं पहिलं पान १६व्या प्रश्नाला संपतं. झेरॉक्स पाठपोट काढली होती आणि पान उलटलंच गेलं नाही. म्हणजे १७ ते ३० सगळे कोरे, आणि सगळीकडे १. आता गुण काढा. भावनिक स्केल (२१ ते २४) १००, सामाजिक (२६, २७) १०० (या दोन्हींत गुण उलटे मोजतात, त्रास नाही म्हणजे १००), आणि एकूण आरोग्य (२९, ३०) शून्य! कारण शेवटच्या दोन प्रश्नांना १ म्हणजे ‘अतिशय वाईट’, ७ म्हणजे ‘उत्तम’. मन अगदी ठणठणीत आणि तब्येत शून्य, असा रुग्ण कुठे असतो?

पूर्ण फॉर्मच आला नसेल तर कारणाचा रकाना त्याच दिवशी भरा. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला म्हणून हुकलेली भेट वेगळी, केमोने अंथरूण धरलं म्हणून हुकलेली वेगळी. मृत्यू तर गहाळ नोंदीत धरायचाच नाही, तो वेगळा मांडा. फॉर्म कुणी भरला तेही लिहा. जतहून आलेल्या आजी डॉक्टरांना ‘बरं हाय’ म्हणतात आणि शेजारी बसलेला मुलगा स्वतःच्या अंदाजाने खुणा करतो, ते आजींचं उत्तर नाही. पहिला फॉर्म रुग्णाचा औषधाचा गट ठरण्याआधी, आणि पुढचे स्कॅनचा निकाल कळण्याआधी घ्या.

आता टी-टेस्ट. जास्त आजारी रुग्ण आधी गळतात, उरलेल्यांची सरासरी चढते, आणि औषधाने जीवनमान सुधारलं असं वाटायला लागतं. शिवाय १५ स्केल आणि ४ भेटी म्हणजे ६० टेस्ट. औषधात काहीच फरक नसला तरी ५ टक्क्यांच्या पातळीला सरासरी ३ योगायोगानेच ‘महत्त्वाच्या’ निघतील. एक-दोन स्केल आधीच प्रोटोकॉलमध्ये ठरवा. मिक्स्ड मॉडेल (एकाच रुग्णाच्या सगळ्या भेटी एकत्र धरणारं गणित) लावा: सुरुवातीचा गुण, गट, भेट, आणि गट-भेटीचा परस्परसंबंध. मग गळालेल्यांचे गुण मॉडेलच्या अंदाजापेक्षा ५, १०, १५ने वाईट धरून बघा (भावनिकसारख्या स्केलवर खाली, थकव्यासारख्या त्रासावर वर), निष्कर्ष कुठे उलटतो. किती फॉर्म आले हेही दोन्ही तऱ्हेने सांगा: ट्रायलमध्ये घेतलेल्या सगळ्यांपैकी, आणि त्या भेटीला अपेक्षित होते त्यांच्यापैकी.

एक राहिलं: ओसोबांची १० गुणांची मोजपट्टी सगळ्या स्केलना सारखी लागू नाही. आणि मिक्स्ड मॉडेलही आधीच्या नोंदींवरून गळती समजते असं गृहीत धरतं. तसं नसेल तर तेही चुकतं.

मार्गदर्शकांनी १ टाकायला सांगितलंच, तर १७ ते ३० सलग १ असलेले फॉर्म बाजूला काढा, मूळ कागदाशी ताडून बघा, आणि भावनिक १०० व एकूण आरोग्य ० या दोन ओळी शेजारी शेजारी छापून त्यांच्यासमोर ठेवा.